सर्वांत जुनी दोस्ती आणि मुंबई-गोवा

१२ ऑक्टोबर १९४३ रोजी विन्स्टन चर्चिल ब्रिटिश संसदेत निवेदन करायला उभे राहिले. त्या काळात जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरात ब्रिटनची मालवाहू जहाजं बुडवत होत्या आणि महासागराच्या मधला एक मोठा पट्टा असा होता, की किनाऱ्यावरून उडालेली विमानं तिथवर पोचतच नसत. त्याच भागात पोर्तुगालची अझोर्स बेटं आहेत. पोर्तुगाल तर युद्धात तटस्थ होता. तरीही या बेटांवर ब्रिटनला तळ मिळाला आहे, असं चर्चिलनी जाहीर केलं आणि आधार म्हणून एका तहाचा दाखला दिला. तो तह १३७३ सालचा होता. एका बाजूला इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड, दुसऱ्या बाजूला पोर्तुगालचा राजा फर्डिनंड आणि राणी एलिनॉर.

पाचशे सत्तर वर्षांपूर्वीच्या कागदाच्या जोरावर विमानतळ मिळाला, ही गोष्ट ऐकायला छान वाटते आणि ब्रिटन-पोर्तुगाल मैत्रीवर लिहिणारे ती हमखास सांगतात. आज अमलात असलेला जगातला सर्वांत जुना दोस्तीचा करार, असं त्याचं वर्णन केलं जातं. मराठी वाचकाला मात्र ही दोस्ती परकी नाही. तिच्याच एका कलमामुळे मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, आणि तिच्याच दुसऱ्या कलमावर भिस्त ठेवून पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांनी १९६१ मध्ये गोव्यासाठी लंडनचं दार ठोठावलं. ते दार उघडलं नाही. दोन मित्रराष्ट्रांमधले शिष्टाचार कशासाठी असतात आणि मैत्रीची ताकद नेमकी कुठे असते, हे समजून घ्यायला या दोन देशांइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. मैत्री किती जुनी आहे हे तहावरची तारीख सांगते. ती किती टिकाऊ आहे हे मात्र मित्राला नकार द्यायची वेळ येते तेव्हा कळतं, आणि ब्रिटनने पोर्तुगालला वारंवार नकार दिला आहे.

सुरुवात लढाईतून झाली. १४ ऑगस्ट १३८५ रोजी अल्जुबारोताच्या रणात पोर्तुगीजांनी कॅस्टिलच्या, म्हणजे आजच्या स्पेनच्या, बलाढ्य फौजेचा पराभव केला. त्यांच्या बाजूने इंग्रज तिरंदाजही लढले होते. पुढच्या वर्षी, ९ मे १३८६ रोजी विंडसरला तह झाला आणि त्यापाठोपाठ सोयरीकही जुळली. इंग्लंडच्या लँकेस्टर घराण्यातली फिलिपा पोर्तुगालचा राजा पहिला जुआंव याची राणी झाली. बाताल्या इथल्या मठात या दोघांची समाधी आहे. दगडी चबुतऱ्यावर दोघांच्या मूर्ती शेजारी शेजारी पहुडलेल्या आहेत आणि राजाच्या हातात राणीचा हात आहे. त्यांचा एक मुलगा हेन्री. आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणाऱ्या सागरी मोहिमांना त्याने बळ दिलं, आणि त्याच वाटेने पुढे १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला.

'अखंड मैत्री' हे वर्णन मात्र शिष्टाचाराचा भाग म्हणूनच घ्यावं. १५८० ते १६४० ही साठ वर्षं पोर्तुगालचं राज्य स्पेनच्या राजाकडे होतं. त्या काळात इंग्रज आणि पोर्तुगीज आपल्याच समुद्रात एकमेकांवर तोफा डागत होते. १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात त्यांची लढाई झाली आणि १६२२ मध्ये इराणच्या शाहाला साथ देऊन इंग्रजांनी पोर्तुगीजांकडून होर्मुझ हिसकावून घ्यायला मदत केली. पोर्तुगाल स्वतंत्र झाल्यावर जुने कागद पुन्हा बाहेर निघाले, नवे तह झाले, आणि मधल्या साठ वर्षांचा विषय दोन्ही बाजूंनी कधी काढला नाही. पुढे चर्चिलनी संसदेत तहांची साखळी सांगितली, तीतही या वैराचा उल्लेख नव्हता. मित्राची कोणती गोष्ट विसरून जायची हे ठरवणं, हा राजशिष्टाचाराचा पहिला धडा असावा.

त्या काळी शिष्टाचार हा किती गंभीर मामला होता, हे १६६१ च्या लंडनमध्ये दिसतं. सप्टेंबरअखेर स्वीडनचा नवा राजदूत लंडनच्या धक्क्यावर उतरणार होता. त्याच्या स्वागताच्या मिरवणुकीत राजाच्या गाडीमागे पहिली गाडी फ्रान्सच्या राजदूताची की स्पेनच्या, यावरून दोन्ही वकिलातींत जुंपली. इंग्लंडच्या राजाने आपल्या प्रजेला मध्ये न पडण्याचा हुकूम दिला होता. स्पॅनिश पक्ष तयारीने आला होता. घोड्यांचे पट्टे कुणी कापू नयेत म्हणून त्यांनी साजात लोखंडी साखळ्या घातल्या होत्या. भर रस्त्यात मारामारी झाली, माणसं मेली, फ्रेंचांचे घोडे कापले गेले आणि स्पेनची गाडी पुढे निघून गेली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने यावरून स्पेनला असा धाक घातला, की पुढच्या वर्षी स्पेनच्या वकिलाला पॅरिसमध्ये परदेशी राजदूतांच्या देखत पुढच्या मानाचा आग्रह सोडत असल्याचं सांगावं लागलं. हा क्षुल्लक हट्ट नव्हता. कुणाची गाडी पुढे, यावरून बघणारा प्रत्येक दरबार कोण थोर आणि कुणाशी सोयरीक करावी याचा अंदाज बांधत होता. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने हा तंटा कायमचा मिटवला. ज्या राजदूताच्या आगमनाची नोंद आधी, त्याचा मान आधी, असा साधा नियम झाला. १९६१ च्या व्हिएन्ना करारानेही तोच पाया कायम ठेवला. आज एखाद्या छोट्या बेटाचा राजदूत दिल्लीत सर्वांत जुना असेल, तर अमेरिकेच्या नव्या राजदूताआधी त्याचा नंबर लागतो.

मिरवणुकीत जिंकलेला हा स्पॅनिश राजदूत, बॅरन वातव्हील, त्याच वर्षी आणखी एका खटपटीत होता. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचं पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न होऊ नये, म्हणून त्याने जंग जंग पछाडलं. तिथे मात्र तो हरला. २३ जून १६६१ रोजी लग्नाचा तह झाला. ब्रागांझा घराण्यातली कॅथरीन चार्ल्सला द्यायची, सोबत वीस लाख क्रुझादो, आफ्रिकेतलं टँजिअर आणि हिंदुस्थानातलं मुंबई बेट. बदल्यात इंग्लंडने स्पेनशी चाललेल्या युद्धात पोर्तुगालला सैन्य पुरवायचं. शिवाय एक गुप्त कलम होतं: पोर्तुगालच्या साऱ्या मुलुखाचं आणि वसाहतींचं, आजच्या आणि उद्याच्या सर्व शत्रूंपासून इंग्लंडने रक्षण करायचं. तेव्हा डोळ्यांपुढे शत्रू होते ते डच. हे कलम वाचकाने लक्षात ठेवावं.

वधूला आणायला लॉर्ड सँडविच आरमार घेऊन लिस्बनला गेला, तेव्हा पोर्तुगालच्या खजिन्यात रोकड नव्हती. हुंड्याचा मोठा भाग साखर, इतर माल आणि हुंडी-चिठ्ठ्यांच्या रूपात देऊ केला गेला. सँडविचची चांगलीच पंचाईत झाली, पण नवरी न घेता परत जाणं हा दोन्ही राजांचा अपमान ठरला असता. माल जहाजावर चढला आणि मे १६६२ मध्ये पोर्ट्स्मथला लग्न लागलं.

मुंबईचं प्रकरण याहून चिघळलं. ताबा घ्यायला अब्राहम शिपमन सुमारे चारशे सैनिकांसह सप्टेंबर १६६२ मध्ये इथे पोचला. पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो याने त्याला बेट द्यायचं नाकारलं. शिपमनच्या अधिकारपत्रांत उणिवा आहेत, ती रीतसर नाहीत, अशी त्याची सबब होती. मुंबई म्हणजे केवढी, यावरही वाद होता. इंग्रजांना साष्टी आणि ठाणेही हवं होतं, व्हाइसरॉयच्या मते तहात फक्त बेट होतं. शिपमनला सुरतेतही थारा मिळाला नाही. तिथल्या इंग्रज व्यापाऱ्यांना मोगलांच्या नाराजीची भीती होती. शेवटी तो कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिला. तिथल्या रोगट हवेत एकेक करून माणसं दगावली, १६६४ मध्ये शिपमनही गेला, आणि चारशेंतले शंभरएक उरले.

मेलो द कास्त्रोचं वागणं मला नुसता आडमुठेपणा वाटत नाही. इंग्रज मुंबईत स्थिरावले की हिंदुस्थान आपल्या हातून गेला, असं त्याने आपल्या राजाला लिहून कळवलं होतं. लिस्बनला इंग्रज मित्र वाटत होता. तिथून हजारो कोस दूर, व्यापाराची रोजची चढाओढ बघणाऱ्या व्हाइसरॉयला तोच पुढचा मालक दिसत होता. राजधानीत बसून केलेली मैत्री सरहद्दीवर कशी दिसते, याचा इतका स्पष्ट दाखला क्वचित मिळतो. राजाची आज्ञा धुडकावणं त्याला शक्य नव्हतं, म्हणून त्याने शिष्टाचाराचा आडोसा घेतला. कागद नीट नाहीत, असं म्हणत त्याने दोन वर्षांहून अधिक काळ काढला.

अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी शिपमनचा चिटणीस हंफ्री कुक याच्याकडे बेट सोपवण्यात आलं. दोना इग्नेझ द मिरांदा या विधवेच्या वाड्यात दस्तऐवजावर सह्या झाल्या. आज एशियाटिक लायब्ररीच्या टाउन हॉलमागे नौदलाचा 'आयएनएस आंग्रे' हा तळ आहे, तिथे हा वाडा होता. औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा गार्सिया द ओर्ता याच्याकडे एके काळी मुंबईचा पट्टा होता, त्याचं घरही इथेच होतं. कुकने बेटावर फिरून माती आणि दगड हातात घेतले, बुरुजावर चढून चालला, आणि ताबा मिळाल्याची रीत पुरी झाली. पुढे तीनच वर्षांनी, १६६८ मध्ये, चार्ल्सने हे बेट वर्षाला दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला नजराणे घेऊन रायगडावर गेलेला हेन्री ऑक्झिंडन याच मुंबईहून निघाला होता.

या दोस्तीची कोकणात कसोटी लागली ती कुलाब्याच्या मोहिमेत. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली. इंग्रजांचा सेनानी होता कमोडोर मॅथ्यूज. पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय जातीने आला होता आणि वसईहून कारभार पाहणारा 'उत्तरेचा जनरल'ही. आंग्र्यांच्या मदतीला बाजीरावाचं घोडदळ आलं आणि दोस्तांचा हल्ला मोडला. मग दोषारोप सुरू झाले. त्या मोहिमेत असलेल्या क्लेमंट डाउनिंग या इंग्रजाने लिहून ठेवलं आहे, की मॅथ्यूज संतापाने उत्तरेच्या जनरलवर धावून गेला, आपली छडी त्याने जनरलच्या तोंडात खुपसली आणि व्हाइसरॉयशीही तो काही फार वेगळं वागला नाही. पोर्तुगीजांनी लवकरच मराठ्यांशी परस्पर तह केला. मित्राने दगा दिला म्हणून इंग्रजांनी आकांडतांडव केलं. हल्ला फसला हे खरं, पण पराभव दोघांचा होता, तो दोघांना वाटून घेता आला असता. त्या छडीने ते अशक्य करून टाकलं.

अठरा वर्षांनी चिमाजीअप्पांनी वसईला वेढा घातला. पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. १६६१ च्या त्या कलमाप्रमाणे इंग्रजांनी धावून जायला हवं होतं. मुंबईहून मिळालं ते अगदी तुटपुंजं. मे १७३९ मध्ये वसई पडली, आणि जुलैमध्ये इंग्रजांचा कॅप्टन इंचबर्ड चिमाजीअप्पांशी व्यापाराचा तह करून मोकळा झाला. मराठ्यांशी वैर घेऊन मुंबई धोक्यात घालायची इंग्रजांची तयारी नव्हती. आपल्या इतिहासात वसईचं वर्णन मराठ्यांच्या शौर्याचा कळस म्हणून येतं, आणि ते रास्तच आहे. त्या शौर्याला मुंबईतून झालेल्या या काणाडोळ्याची जोड मिळाली होती, हेही सांगायला हवं.

एवढं होऊनही दोस्ती मोडली नाही, कारण युरोपात दोघांना एकमेकांची निकड होती. १७०३ च्या मेथ्युएन तहाने इंग्रजी लोकरीचं कापड पोर्तुगालमध्ये आणि पोर्तुगालची वाइन कमी जकातीत इंग्लंडमध्ये जाऊ लागली होती. १८०७ मध्ये नेपोलियनची फौज लिस्बनच्या वेशीवर आली, तेव्हा पोर्तुगालचं राजघराणं ब्रिटिश आरमाराच्या संरक्षणात ब्राझीलला निघून गेलं. पुढे पोर्तुगालच्या भूमीवर फ्रेंचांशी लढून ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला तो आर्थर वेलस्ली, म्हणजे १८०३ मध्ये असईला मराठ्यांशी लढलेला सेनापती. याच धामधुमीत मित्राच्या रक्षणाचं कारण सांगून ब्रिटिश पलटणी गोव्यातही काही वर्षं तळ ठोकून होत्या. गोवेकरांना या मदतीत मालकीचा वास आला असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

या मैत्रीचा सर्वांत कडवट दिवस ११ जानेवारी १८९० हा. अंगोला आणि मोझांबिक जोडणारा आफ्रिकेचा सगळा मधला पट्टा आपला, असं पोर्तुगाल नकाशावर गुलाबी रंगाने दाखवत होता. ब्रिटनला तोच मुलूख हवा होता. त्या दिवशी ब्रिटिश वकिलाने लिस्बनमध्ये एक टिपण दिलं. पोर्तुगीज फौजा मागे घेतल्याचे हुकूम निघाल्याचं समाधानकारक उत्तर संध्याकाळपर्यंत आलं नाही, तर वकिलातीच्या सर्व मंडळींसह आपल्याला लिस्बन सोडावं लागेल, असं त्यात होतं. एकही शब्द उर्मट नव्हता. पण वकिलाने राजधानी सोडण्याचा अर्थ काय, हे त्या काळात सर्वांना ठाऊक होतं. पोर्तुगालच्या सरकारने त्याच दिवशी मान तुकवली. लोक भडकले. लिस्बनमधल्या महाकवी कामोंइशच्या पुतळ्याला काळं वस्त्र गुंडाळण्यात आलं. त्या संतापातून जन्मलेलं गीत १९११ पासून पोर्तुगालचं राष्ट्रगीत आहे. सर्वांत जुन्या मित्राविरुद्धच्या रागातून स्फुरलेलं गीत आजही तिथल्या प्रत्येक सरकारी समारंभात वाजतं, ब्रिटिश पाहुणे समोर असतानासुद्धा.

१८९८ मध्ये तर ब्रिटनने जर्मनीशी गुपचूप करार केला, की कर्जात बुडालेल्या पोर्तुगालला वसाहती गहाण टाकाव्या लागल्या, तर त्या दोघांनी कशा वाटून घ्यायच्या. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं. मोझांबिकच्या बंदरातून बोअरांना शस्त्रं जाऊ नयेत, ही ब्रिटनची गरज बनली. लंडनमधला पोर्तुगीज वकील मार्किस द सोव्हेराल हा राजघराण्यातला लाडका पाहुणा. त्याने संधी साधली. युद्ध सुरू झाल्यावर तीनच दिवसांनी, १४ ऑक्टोबर १८९९ रोजी, एका गुप्त जाहीरनाम्यात ब्रिटनने १६६१ चं ते कलम पुन्हा मान्य केलं: पोर्तुगालच्या सर्व वसाहतींचं, आजच्या आणि उद्याच्या सर्व शत्रूंपासून रक्षण. सातवा एडवर्ड राजा झाल्यावर आपल्या पहिल्या अधिकृत परदेश दौऱ्यात १९०३ मध्ये लिस्बनला गेला. लिस्बनच्या मध्यभागी असलेल्या मोठ्या उद्यानाला आजही त्याचं नाव आहे. वाटणीचा करार, रक्षणाचं वचन आणि राजाची भेट, हे सगळं पाच वर्षांत घडलं. यातलं खोटं कोणतं, असा प्रश्न पडतो. मला वाटतं, ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या दृष्टीने तिन्ही खरं होतं, आणि कोणतं पुढे काढायचं ते वेळ ठरवणार होती.

दुसऱ्या महायुद्धाने १३७३ चा तह कसा पुढे काढला ते आपण पाहिलं. पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार हा शिष्टाचाराच्या बाबतीत किती काटेकोर होता, याचा नमुना नोंदवायला हवा. मे १९४५ मध्ये हिटलर मेल्याचं कळल्यावर पोर्तुगालमध्ये राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवण्यात आले. एका देशाचा प्रमुख गेला की तटस्थ देशाने दुखवटा पाळायचा, ही रीत. ज्याच्या बेटांवरून ब्रिटिश विमानं जर्मन पाणबुड्या टिपत होती, त्याने ती रीतही पाळली. रिवाज पाळताना माणूस विचार करायचं थांबवतो तेव्हा काय होतं, ते इथे दिसतं. शिष्टाचाराचं महत्त्व मी मानतो, पण याचं समर्थन मला करता येत नाही.

आता गोव्याकडे येऊ. स्वतंत्र भारताने पोर्तुगालशी वाटाघाटी करून पाहिल्या. काही साधेना, तेव्हा १९५३ मध्ये लिस्बनमधली वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, त्यांत महाराष्ट्रातून गेलेली मंडळी मोठ्या संख्येने होती. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या घातल्या, अनेक जण ठार झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोर्तुगालचे अध्यक्ष क्राव्हेइरो लोपिश लंडनला राजकीय पाहुणे म्हणून गेले आणि त्यांचं स्वागत पूर्ण इतमामात झालं. डिसेंबरमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसोबत काढलेल्या पत्रकात गोव्याचा उल्लेख 'पोर्तुगालचे प्रांत' असा केला. अमेरिकेचा अझोर्समध्ये तळ होता, मित्राला बरं वाटावं म्हणून घातलेला तो शब्दप्रयोग होता. भारतात संतापाची लाट उसळली. त्याच सुमारास भारतभेटीवर आलेल्या ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन या सोव्हिएत नेत्यांनी गोव्यावरच्या भारताच्या हक्काला उघड पाठिंबा दिला होता. एका मित्राशी दाखवलेलं सौजन्य दुसऱ्याला किती लागतं, याचा हिशोब डलेसना करता आला नाही.

फेब्रुवारी १९५७ मध्ये राणी दुसरी एलिझाबेथ लिस्बनला गेली. तागुस नदीच्या पात्रात तिला काठावर आणण्यासाठी पोर्तुगालने जुनी राजनौका पाण्यात उतरवली. सोन्याचा मुलामा, कोरीव नक्षी आणि सुमारे ऐंशी वल्हेकरी असलेली ही नौका १७८० च्या सुमारास राजघराण्यासाठी बांधलेली. तिचा हा अखेरचा प्रवास. आता ती लिस्बनच्या सागरी संग्रहालयात आहे. प्रजासत्ताक होऊन चार दशकांहून अधिक काळ लोटलेल्या देशाने राजांच्या काळातली होडी काढावी, यामागे हिशोब होता. पाहुणी आणि जग दोघांनाही आठवण करून द्यायची होती, की हे नातं सहाशे वर्षांचं आहे आणि त्यात वचनं आहेत. चार वर्षांनी, २६ जानेवारी १९६१ रोजी, हीच राणी दिल्लीत प्रजासत्ताक दिनाची पाहुणी होती. भारत प्रजासत्ताक असूनही राष्ट्रकुलात राहिला होता, १९४९ मध्ये त्यासाठी खास तोडगा काढला गेला होता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतीय सेना गोव्याच्या हद्दीवर जमली. पोर्तुगालने ब्रिटनला जुन्या वचनाची आठवण करून दिली. बरोबर तीनशे वर्षांपूर्वीचं, मुंबईच्या मोबदल्यात घेतलेलं वचन. लिस्बनहून गोव्याला विमानाने कुमक न्यायची तर वाटेत तळ हवेत, म्हणून ब्रिटिश तळांचीही मागणी झाली. यातलं काही हाती लागलं नाही. ब्रिटनच्या सरकारने संसदेत सांगितलं, की राष्ट्रकुलातल्या सहसदस्य देशाविरुद्ध आपण शस्त्र उचलू शकत नाही, आणि ही गोष्ट पोर्तुगालला पूर्वीच स्पष्ट सांगितली होती. नाटोचाही उपयोग नव्हता. त्या कराराने संरक्षणाची जी भौगोलिक हद्द आखली होती, गोवा तिच्याबाहेर होता. १८ आणि १९ डिसेंबर अशा दोन दिवसांत मोहीम संपली. शेवटपर्यंत लढण्याचा सालाझारचा हुकूम गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी मानला नाही आणि गोव्याचा विध्वंस टळला. अंजदीववर उतरताना भारतीय नौदलाचे सात जण कामी आले. शिपमनची माणसं मुंबईची वाट पाहत ज्या बेटावर मेली, तेच हे बेट.

ब्रिटनने पोर्तुगालला अगदी वाऱ्यावर सोडलं, असंही नाही. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि माघार मागणारा ठराव आला, तेव्हा ब्रिटनने अमेरिका, फ्रान्स आणि तुर्कस्तानसह त्याची बाजू घेतली. ठरावाला सात मतं मिळाली, विरोधात चार, आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. या मतदानाने तेव्हा आपल्याकडे लोक दुखावले गेले, आणि ते स्वाभाविक होतं. वसाहतवादाविरुद्धच्या लढ्यात ब्रिटनने आक्रमक कोण हे चुकीचं ठरवलं, असंच माझंही मत आहे. पण परराष्ट्र खात्याच्या नजरेने पाहिलं तर लंडनने त्या दिवशी दोन मित्रांना वाटून दिलं. पोर्तुगालला मत मिळालं. भारताला मिळाली ती ब्रिटिश सैन्य येणार नाही याची खात्री. प्रत्यक्ष गोव्याचा निकाल या दुसऱ्या गोष्टीने लागला. जानेवारी १९६२ मधल्या भाषणात सालाझारनी ब्रिटनबद्दलची कटुता जाहीरपणे बोलून दाखवली. करार मात्र त्यांनी मोडीत काढला नाही.

हा संयम पुढे कामाला आला. १९७३ मध्ये सहाशेव्या वर्षाच्या समारंभासाठी पोर्तुगालचे पंतप्रधान काएतानो लंडनला आले, आणि नेमकं त्याआधी काही दिवस 'टाइम्स'ने मोझांबिकमधल्या विरियामू इथे पोर्तुगीज सैन्याने केलेल्या कत्तलीची बातमी छापली. रस्त्यावर निदर्शनं झाली, तरी भेट रद्द झाली नाही. मेलेल्या खेडुतांपुढे मेजवानीच्या वेळापत्रकाला इतकी किंमत द्यायला नको होती. वर्षभरात काएतानोंची राजवट कोसळली आणि लोकशाही आली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनला अझोर्सची गरज पुन्हा भासली. पोर्तुगालने सोय देऊ केली. तेव्हा पोर्तुगालला युरोपीय समुदायात प्रवेश हवा होता, तो १९८६ मध्ये मिळाला.

भारत आणि पोर्तुगाल यांच्यात तहांची अशी परंपरा नव्हती, वैर मात्र ताजं होतं. लिस्बनमधल्या क्रांतीनंतर नव्या सरकारचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरिश दिल्लीला आले. समोर परराष्ट्रमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण होते. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दोघांनी सह्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवर भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं, आणि ते सहीच्या तारखेपासून नव्हे, तर भारतीय राज्यघटनेनुसार ते प्रदेश ज्या ज्या दिवशी भारतात आले त्या त्या दिवसापासून. जिंकलं की मुक्त केलं, हा वाद त्या मजकुरात कुठेच आला नाही. राजनैतिक संबंध पुन्हा सुरू झाले. सालाझारनी बडतर्फ केलेले व्हासालो इ सिल्व्हा यांना त्यांचा हुद्दा परत मिळाला, १९८० मध्ये ते गोव्याला येऊन गेले आणि लोकांनी त्यांचं आपुलकीने स्वागत केलं. सोआरिश पुढे पोर्तुगालचे अध्यक्ष झाले, आणि १९९२ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या राजपथावर प्रमुख पाहुणे म्हणून तेच बसले होते.